गेंड्याच्या श्वासाची साठ वर्षं

1960 साली ब्रिटनमध्ये रसायनशास्त्रज्ञ के. डब्ल्यू. बेंटली यांच्या गटाने एटॉर्फिन हे भुलीचं जबर औषध तयार केलं. थोड्याच वर्षांत ते दक्षिण आफ्रिकेतल्या उम्फोलोझीच्या रानात पोचलं. तिथले पांढरे गेंडे इतरत्र हलवायची मोहीम वन्यजीव संवर्धक इयान प्लेयर आणि सहकाऱ्यांनी हाती घेतली होती. सगळे एकाच जागी राहिले असते, तर एखादी साथ त्यांचा निकाल लावून गेली असती. दोन टनांचं जनावर अवघ्या काही मिलिग्रॅम औषधाने आडवं होत होतं. उतारा टोचला, गेंडा उठून चालू लागला, की काम फत्ते समजत.

गेंडा आडवा असताना त्याच्या रक्तात काय चाललंय, हे मात्र फार उशिरा मोजलं गेलं. हातात मावणारी रक्तवायू तपासणीची यंत्रं आली आणि रानातच, कानाच्या आतल्या बाजूच्या धमनीतून रक्त काढून, काही मिनिटांत आकडे मिळू लागले. ते धक्कादायक होते. उभ्या, शुद्धीतल्या पांढऱ्या गेंड्याच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब जवळपास 98 मिलीमीटर पारा असतो. भुलीत तो निम्म्याहूनही खाली जायचा. एटॉर्फिन मेंदूतल्या श्वसनकेंद्राला मंदावतं. श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, रक्त आम्लधर्मी होतं. त्यातच पांढऱ्या गेंड्याचे स्नायू ताठरून थरथरतात, म्हणजे ऑक्सिजनची गरज वाढते नेमकी तो कमी पडत असताना. कुशीवर पडलेल्या देहाचं वजन फुप्फुसांवर येतं ते वेगळंच. गेंडा जगला म्हणून भूल सुरक्षित होती, हा समज या आकड्यांनी खोडून काढला, आणि ते फार गरजेचं होतं.

उपायही मोजूनमापूनच सापडले. गेंड्याला छातीवर बसतं करणं, नाकात नळी घालून ऑक्सिजन सोडणं, एटॉर्फिनचा जोर थोडा उतरवणारं ब्युटॉर्फॅनॉल देणं. यांतलं एकेकटं पुरत नाही; ब्युटॉर्फॅनॉल आणि ऑक्सिजन मिळून दिले, की आकडे चांगले सावरतात.

नामिबियात दुर्गम डोंगराळ भागातून काळे गेंडे अशीच भूल देऊन, पाय बांधून, हेलिकॉप्टरखाली उलटे लटकवून नेले जात. पशुवैद्य रॉबिन रॅडक्लिफ आणि सहकाऱ्यांनी 12 गेंड्यांना क्रेनने तसंच टांगून रक्त तपासलं. 2021 मध्ये या अभ्यासाला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार, मिळाला आणि जगभर हशा पिकला. प्रश्न मात्र गंभीर होता: वर्षानुवर्षं वापरलेली ही पद्धत श्वासाला घातक तर नाही? उत्तर दिलासा देणारं निघालं. उलट्या गेंड्याचा ऑक्सिजन कुशीवर झोपवलेल्यापेक्षा किंचित जास्तच होता. दोन्ही स्थितींत तो अपुराच होता, हेही त्याच नोंदींत आहे.