सायकलीचा टिकाऊ रंग

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं वसलेलें इनामगांव पुराणवस्तुशास्त्रज्ञांस सुपरिचित आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें सन 1968 ते 1983 पर्यंत तेथें उत्खनन करून ख्रिस्तपूर्व 1600 ते 700 या कालांतील शेतकर्‍यांची वसाहत उजेडांत आणली. घरें, पेवें, कुंभाराची भट्टी आणि असंख्य खापरें तेथें सांपडलीं. त्यांपैकीं जोर्वे पद्धतीच्या तांबड्या खापरांवर काळ्या रंगाची रेखीव नक्षी आहे. सुमारें तीन हजार वर्षें मातींत पडूनही ती नष्ट झाली नाहीं. उलटपक्षीं, आपल्या सायकलीचा रंग दोनचार पावसाळ्यांतच उडूं लागतो! असें कां व्हावें, याचा विचार केला असतां, नव्या सायकलीस कोणता रंग द्यावा या प्रश्नाचें निम्में उत्तर हातीं येतें.

कुंभारानें ती नक्षी भांडें भाजण्यापूर्वीं काढिली. पुढें भट्टीच्या आंचेनें माती व रंग एकजीव झालीं. तो रंग भांड्यावर बसलेला नसून भांड्याचाच अंश झाला. शिवाय, भाजलेल्या मातीस गंज ठाऊक नाहीं. पोलादाची गोष्ट निराळी. हवा व पाणी यांची संगत मिळतांच त्याचा गंज होऊं लागतो; आणि गंज मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापीत असल्यामुळें वरचा रंग उचलून टाकितो. एक टवका उडाला कीं गंज रंगाखालून पसरत जातो. त्यांतच आमच्या भागांतील सायकलीवरून ऊंसाचें वाढें, दुधाचे कॅन आणि खताचीं पोतींही जातात. सांडलेल्या खतांतील क्षार हवेंतील ओलावा शोषून घेतात व गंजाचें काम सोपें करितात. सबब, रंग हा सायकलीचा केवळ अलंकार नव्हे. तें तिचें कवच होय.

आतां, एखाद्यानें आपल्या अंगमापाप्रमाणें पोलादी फ्रेम बांधून घेतली, असें समजूं. रंगाची निवड करण्यापूर्वीं पृष्ठभागाची शुद्धि झाली पाहिजे. नळ्यांना पितळेची झाळ देतांना टांकणखारासारखें द्रव्य वापरितात. तें सांध्यांवर कांचेसारखें चिकटून राहातें. तें ऊन पाण्यांत भिजवून पुरतें काढावें, नाहीं तर त्यावरील रंग पापुद्र्यासारखा निघतो. नंतर बारीक कणांचा फवारा मारून पोलाद खरखरीत करावें, म्हणजे अस्तरास पकड मिळते. स्वच्छ केलेल्या पोलादास उघड्या हातानें स्पर्श करूं नये, कारण घामांतील मीठ तेथेंच गंजाचें बीज पेरितें. अस्तरही त्याच दिवशीं द्यावें. जस्ताचें प्रमाण भरपूर असलेलें अस्तर विशेष गुणकारी असतें; ओरखडा पडला तरी जस्त स्वतः झिजून पोलादाचें रक्षण करितें.

वरच्या रंगाचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला, डब्यांतून काढून लावावयाचा व हवेंत वाळणारा साधा रंग. तो स्वस्त आहे, परंतु मऊ असल्यामुळें लवकर खरवडला जातो.

दुसरा भट्टींत भाजावयाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सायकलींवरील चकचकीत काळें रोगण याच जातीचें होतें. आज तें स्थान बव्हंशीं पावडर कोटिंगनें घेतलें आहे. विद्युद्भार दिलेली कोरडी पूड फ्रेमला चिकटते. मग सुमारें 180 ते 200 अंश सेल्सिअस उष्णतेंत दहा ते वीस मिनिटें ठेविल्यावर ती वितळून सलग होते. पितळी झाळ सुमारें 900 अंशांवर वितळत असल्यानें सांध्यांस धोका पोंचत नाहीं. हा थर चिवट असतो व धक्के सोसतो. परंतु तो जाड असल्यामुळें सांध्यांवरील नाजूक कडा बुजवितो, आणि एकदां फुटला तर त्याची बेमालूम दुरुस्ती होत नाहीं.

तिसरा प्रकार दोन द्रव्यें मिसळून फवारण्याच्या पॉलियुरेथेन रंगाचा. तो पातळ, कठीण व तेजस्वी असतो आणि ठिकठिकाणीं दुरुस्त करितां येतो. मात्र त्यांतील आयसोसायनेट नांवाचें द्रव्य श्वासावाटे शरीरांत गेल्यास दम्यासारखा विकार जडतो. म्हणून हें काम घरच्या ओसरीवर कदापि करूं नये. योग्य मुखवटा वापरणार्‍या जाणत्या कारागिराकडेंच सोंपवावें.

तेव्हां निवड कशी करावी? जी सायकल रोज शेताच्या वाटेनें ओझें वाहणार, तिला जस्ताच्या अस्तरावर पावडरचा थर द्यावा. जिचे सांधे कोरीव आहेत आणि जी मालक निगुतीनें सांभाळणार, तिला दोन द्रव्यांचा पातळ रंग शोभेल. दोन्ही बाबतींत आट्यांवर व नळ्यांच्या जोडतोंडांवर रंग जाऊं देऊं नये.

बाहेरून कितीही कवच घातलें, तरी सीटच्या नळींतून पाणी आंत शिरतें व खालीं पायडलांच्या आंसापाशीं सांचतें. बाहेरचा रंग तुकतुकीत असतांही पोलाद आंतून पोखरलें जाऊं शकतें आणि भरल्या ओझ्यानिशीं नळी दगा देऊं शकते. याकरितां नळ्यांच्या आंत तेल फिरवावें, तळाशीं पाणी निघून जाण्यास बारीक छिद्र ठेवावें, आणि टवका उडतांच गंज खरवडून रंगाचा ठिपका द्यावा.

कारागिराकडे गेल्यावर पुष्कळजण "कोणता रंग चांगला दिसेल?" एवढेंच विचारितात. विद्यार्थिमित्रांनीं प्रथम असें विचारावें: "रंगाखालीं काय करणार?" इनामगांवच्या कुंभाराची नक्षी टिकली ती रंगाच्या झळाळीमुळें नव्हे, तर रंग व भांडें यांच्या मिलाफामुळें. पोलादाच्या बाबतींत तो मिलाफ साधणारें काम डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणूनच तें विचारून, समक्ष उभें राहून करून घेतलें पाहिजे.