एक रसायन गेले, दुसरे आले

प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी घातक असते का, याचे एका शब्दात उत्तर नाही, कारण सगळ्या बाटल्या एकाच प्लास्टिकच्या नसतात. रेल्वे स्टेशनवर मिळणारी एक लिटरची बाटली 'पेट'ची असते आणि ती बनवायला बिस्फेनॉल-ए, म्हणजे बीपीए, लागतच नाही. ते लागते पॉलिकार्बोनेटला. बाळांच्या जुन्या दूधबाटल्या त्याच्याच होत्या आणि लग्नघरात, कचेरीत येणारे वीस लिटरचे कडक, पारदर्शक जारही बऱ्याचदा त्याचेच असतात. या रसायनाचा पूर्वेतिहास मात्र विसरण्यासारखा नाही. १९३६ मध्ये लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते, तेव्हा या स्त्री-संप्रेरकासारखे काम बीपीए करते हे त्यांना दिसले होते. अधिक प्रभावी द्रव्य हाती आल्याने ते औषध झाले नाही. १९५०च्या दशकात ते प्लास्टिकच्या कारखान्यात पोचले. संप्रेरकासारखे वागणारे द्रव्य आपण अन्नपाण्याच्या भांड्यात घेतले, ते हे ठाऊक असताना.

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकीच्या साबणाने धुतले गेले. प्लास्टिक झिजले, बीपीए सुटले आणि माद्यांच्या बीजांडांतली गुणसूत्रे विस्कटू लागली. सिनसिनाटीच्या संशोधकांना २००८ मध्ये आढळले, की उकळते पाणी ओतल्यावर पॉलिकार्बोनेटच्या बाटलीतून बीपीए आधीपेक्षा १५ ते ५५ पट वेगाने पाझरते. बाटली नवी की जुनी, याने फारसा फरक पडला नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा, की मात्रा नगण्य असते आणि शरीर ती काही तासांत लघवीवाटे टाकून देते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण संप्रेरकांचे कामच अत्यल्प मात्रेत चालते, आणि आज बाहेर टाकलेले उद्याच्या जेवणासोबत परत येत असेल तर शरीर त्यापासून मोकळे कधी होणार? अमेरिकेत २००३-०४ च्या सरकारी पाहणीत सहा वर्षांवरच्या ९३ टक्के लोकांच्या लघवीत बीपीए सापडले ते यामुळेच.

शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, हा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०१५ च्या मर्यादेच्या वीस हजार पट खाली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने ते अमान्य करून २०० नॅनोग्रॅम हा आकडा दिला. एकीने उंदरांच्या प्रतिकारपेशींतला बदल हानी मानला, दुसरीने शुक्राणूंची घट धरली. हजार पटींचा हा फरक मोठाच आहे. पण जर्मनांचा आकडाही २०१५ च्या मर्यादेच्या वीसपट खाली आहे, हे वादाच्या गदारोळात हरवते. मतभेद किती काळजी घ्यायची याचा आहे. आधीची मर्यादा सैल होती, यावर दोघींचे दुमत नाही.

खरी फसगत पुढे आहे. कॅनडा, युरोप आणि अमेरिकेने २००८ ते २०१२ च्या दरम्यान दूधबाटल्यांतून बीपीए हटवले आणि भारतीय मानक ब्युरोनेही २०१५ मध्ये तेच केले. उद्योगाने काही ठिकाणी त्याची भावंडे, बिस्फेनॉल-एस आणि एफ, वापरायला घेतली आणि मालावर 'बीपीए-फ्री' छापले. छापलेले खोटे नव्हते. २०१८ मध्ये हंट यांच्याच गटाला उंदरांत या पर्यायांचेही तसेच परिणाम दिसले. गढूळ नळापेक्षा जार बरा, हे आपल्याकडचे म्हणणे मला पटते; जुलाब-कावीळ हे आजचे संकट आहे आणि कुणी जार फोडून टाकावा असे मी म्हणत नाही. त्यात गरम पाणी भरू नये, तो उन्हात ठेवू नये, एवढे प्रत्येकाच्या हातात आहे. पण पर्यायी रसायन तपासणे गिऱ्हाइकाच्या हातात नाही. युरोपने २०२४ च्या बंदीत बीपीएसोबत घातक ठरलेली इतर बिस्फेनॉलेही एकत्र धरली. आपल्या नियमांनीही एकेका नावामागे न धावता सगळ्या कुळाकडे पाहावे आणि निरुपद्रवी असल्याचा पुरावा माल बाजारात येण्याआधी उत्पादकाकडूनच घ्यावा.