चर्चगेटच्या चर्चमध्ये मराठी माणसाने काय पाहावं

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात, पण ज्याच्यामुळे हे नाव पडलं ते चर्च त्यातल्या फार थोड्यांनी आतून पाहिलेलं असतं. मुंबईच्या जुन्या कोटाला तीन मुख्य दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे, साधारण तिथेच हा चर्च गेट होता. १८६० नंतरच्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या तेव्हा दरवाजाही गेला. चर्च मात्र जागेवर आहे. स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्याने हुतात्मा चौक ओलांडायचा आणि हॉर्निमन सर्कलच्या दिशेने चालत राहायचं. डाव्या-उजव्या हाताला बँका आणि कचेऱ्या लागतात, आणि त्यांच्या मध्येच झाडांच्या आड एक पांढरट मनोरा दिसतो. तेच सेंट थॉमस कॅथीड्रल.

पर्यटनाच्या पुस्तकांत याला चार ओळी मिळतात. मुंबईतलं पहिलं अँग्लिकन चर्च, १७१८ साली सुरू झालं, २००४ मध्ये जीर्णोद्धारासाठी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, पाहायला अर्धा तास पुरे. जीर्णोद्धार उत्तम झाला आहे यात शंका नाही. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांचं ते काम. पण अर्ध्या तासाचा हिशेब मला मान्य नाही. मराठ्यांचा इतिहास थोडाफार वाचलेल्या माणसाने इथे निदान अर्धा दिवस काढावा, आणि येण्याआधी थोडी उजळणी करावी. कारण इंग्रज-मराठ्यांच्या तिन्ही युद्धांशी ज्यांचा संबंध आला अशा माणसांची स्मारकं या एका छपराखाली आहेत. शिवाय चर्च उघडलं त्या दिवसाच्या हकिगतीत खांदेरीचं बेट आणि मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे हजर आहेत. नाव न घेता, पण हजर आहेत.

सुरुवात जेराल्ड आँजिअरपासून. १६६९ ते १६७७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. सात बेटांच्या या दलदलीत व्यापाऱ्यांना बोलावून वसवायचं, न्यायालयं काढायची, अशी त्याची स्वप्नं होती आणि त्यातलंच एक इंग्रजांच्या चर्चचं. १६७६ मध्ये काम सुरू झालं, पण पुढच्याच वर्षी आँजिअर सुरतेत वारला. भिंती पंधरा फुटांपर्यंत चढल्या आणि तिथेच थांबल्या, त्या जवळपास चाळीस वर्षं. वर्गणीचे पैसे जमले होते, मग गेले कुठे? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या खलाशी-व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात सरळ आरोप केला आहे की गव्हर्नर जॉन चाइल्डने पाच हजार पौंड घशात घातले. हॅमिल्टनची जीभ तिखट होती आणि चाइल्डवर त्याचा राग होता, म्हणून आरोप जपून घ्यावा. पण चाइल्डच्याच कारकिर्दीत, १६८९ मध्ये, जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून बसला. त्यात रोगराईची भर. चर्च बांधायला माणसं आणि पैसा असता तरी ते दिवस चर्चचे नव्हते.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा पाद्री मुंबईत आला आणि त्याने हे अर्धवट काम मनावर घेतलं. वर्गणीसाठी तो सगळ्यांच्या मागे लागला. गव्हर्नर चार्ल्स बूनचा त्याला पाठिंबा होता. हा बून म्हणजे मुंबईचा कोट मजबूत करणारा आणि कान्होजी आंग्र्यांचा काटा काढण्याचा ध्यास घेतलेला माणूस. चर्चचं छप्परही तोफगोळा सोसेल असं केलं होतं, यावरून त्या काळच्या मुंबईत प्रार्थनासुद्धा कोणत्या भीतीखाली चालणार होती ते कळतं.

आता तारखा नीट लक्षात ठेवा. १७१७ मध्ये बूनने विजयदुर्गावर आरमार धाडलं, ते हात हलवत परत आलं. नोव्हेंबर १७१८ मध्ये तो खांदेरीवर चालून गेला. तिथेही मार खाऊन मुंबईला परतावं लागलं. आणि त्यानंतर महिन्याभरात, २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, त्याच गव्हर्नरच्या उपस्थितीत चर्चचं उद्घाटन झालं. एका बालकाचा बाप्तिस्मा झाला, मेजवानी झाली, तोफा झडल्या. खांदेरीचा बार फुसका निघाल्यावर हा सोहळा जरा जास्तच थाटात झाला असेल, असं आपलं मला वाटतं.

या सोहळ्याचं वर्णन खुद्द कॉबने लिहून ठेवलं आहे, आणि त्यात एक हिंदू माणूस नावानिशी येतो: रामाजी. आपल्या जातभाईंसह तो आला होता. इंग्रजांच्या उपासनेतली शिस्त आणि टापटीप पाहून ही मंडळी इतकी खूश झाली की शेवटपर्यंत उभी राहिली, असं कॉब सांगतो. हा रामाजी म्हणजे रामा कामती, मुंबईतला शेणवी समाजाचा बडा व्यापारी, ईस्ट इंडिया कंपनीच्या मर्जीतला. तीनच वर्षांपूर्वी, १७१५ मध्ये, त्याने वाळकेश्वरचं देऊळ नव्याने बांधवलं होतं. स्वतः देऊळ बांधणारा माणूस साहेबाच्या चर्चच्या उद्घाटनाला गेला, संबंध राखले, शेवटपर्यंत थांबला. व्यापाऱ्याचा शहाणपणा यापेक्षा वेगळा काय असतो?

पण हा शहाणपणा रामाजीला वाचवू शकला नाही. खांदेरीच्या नामुष्कीला कुणीतरी जबाबदार धरायला हवं होतं. कान्होजीला इंग्रजांच्या हालचालींची आगाऊ खबर रामाजीनेच दिली, असा आळ आला. १७२० मध्ये खटला उभा राहिला. कान्होजीला लिहिलेलं म्हणून एक पत्र पुढे करण्यात आलं. रामाजीच्या माणसाचा छळ करून जबाब मिळवला गेला. निकाल झाला जन्मठेप आणि मालमत्ता जप्त. १७२८ मध्ये रामाजी तुरुंगातच वारला. ते पत्र बनावट होतं हे पुढे उघड झालं, तेव्हा त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

कॅथीड्रलमध्ये रामा कामतीचं नाव शोधू नका. तिथे ज्यांची नावं आहेत त्यांच्याकडे वळू.

आत शिरल्यावर पहिली जाणीव होते ती गारव्याची आणि भिंतींवरच्या गर्दीची. संगमरवरी फलक, कलश, कलशाला टेकून शोक करणाऱ्या स्त्रिया, आणि खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांतले लांबलचक मजकूर. सगळं वाचायला गेलात तर दहाव्या फलकापाशी कंटाळाल, कारण मृत्यूनंतर प्रत्येक जण शूर, न्यायी आणि प्रेमळ झालेला असतो. म्हणून घरूनच पाच-सहा नावं लिहून न्या. काही फलक उंचावर आहेत. छोटी दुर्बीण असली तर मानेला आराम.

पहिलं नाव जॉन कार्नॅक. १७७८ च्या अखेरीस राघोबादादाला पेशवा करण्यासाठी मुंबईहून जी इंग्रज फौज बोरघाट चढून आली, तिच्यावर देखरेख करणाऱ्या समितीत हा होता. वाटेत कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याला इष्टुर फाकडा केला. वडगाव मावळात त्याचं स्मारक आहे. तळेगावला पोचेपर्यंत मराठ्यांनी पुढचा मुलूख उजाड केला होता. फौज मागे वळली आणि महादजी शिंद्यांनी तिला वडगावला कोंडलं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावचा तह झाला. कंपनीने तो धुडकावला आणि कार्नॅकला नोकरीतून काढून टाकलं. म्हणजे मराठ्यांनी ज्याला नमवलं आणि स्वतःच्या मालकांनी ज्याला घरी बसवलं, त्याचं स्मारक या चर्चमध्ये आहे. कार्नॅक बंदराचं नाव मात्र याच्यावरून पडलेलं नाही. ते जेम्स रिव्हेट-कार्नॅकचं. जनरल जॉन कार्नॅकची मालमत्ता आणि नाव जेम्सच्या घराण्याकडे वारशाने आलं, आणि १८३९ मध्ये जेम्स मुंबईचा गव्हर्नर झाला.

दुसरं नाव जोनाथन डंकन, आणि इथे जरा जास्त वेळ उभं राहावं. १७९५ पासून १८११ मध्ये मरेपर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हरवल्यावर दुसरा बाजीराव पळत वसईला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्याने कंपनीशी तह केला, तेव्हा मुंबईत डंकनच होता. पण ज्या कामासाठी त्याला या शिल्पात गौरवलं आहे ते वेगळंच. स्मारक धाकट्या जॉन बेकनने घडवलं. खाली दोन मुलं एक पट धरून आहेत आणि त्यावर कोरलं आहे की बनारस आणि काठियावाडात बालहत्या बंद झाली. मुली जन्मतःच मारण्याच्या चालीविरुद्ध डंकनने आधी बनारसला आणि मग काठियावाडात खरोखर प्रयत्न केले होते. ही चाल एका कोरलेल्या ओळीने बंद झाली असती तर पुढच्या साठ-सत्तर वर्षांत सरकारला तिच्याविरुद्ध कायदे करावे लागले नसते. दगडावर ‘बंद झाली’ असं लिहायची घाई सरकारांना तेव्हाही होती. तरी ती दोन मुलं जवळून पाहा. सेनापती आणि दर्यावर्दींच्या या गर्दीत जगलेल्या मुलांचं शिल्प म्हणून ते वेगळं आहे.

तिसरं नाव कर्नल बर. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला इंग्रजांची फौज याच्या हाताखाली लढली. त्याच्याकडे तीन हजारांच्या आत माणसं, समोर बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली कितीतरी पट मोठं सैन्य. जरीपटक्याबरोबर लढणारे मोरो दीक्षित त्या दिवशी पडले. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. संध्याकाळपर्यंत निकाल लागला आणि पंधरवड्यात पुणं इंग्रजांच्या हाती गेलं. वडगाव ते खडकी हे अंतर अडतीस वर्षांचं. या चर्चमध्ये ते दोन स्मारकांमधल्या पावलांत संपतं.

बाकी नावं ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे. नेपोलियन १८१५ मध्ये ज्याच्या जहाजावर शरण आला तो मेटलंड मुंबईजवळ समुद्रात वारला. त्याचं स्मारक आहे. हेरातच्या वेढ्यात गाजलेला एल्ड्रेड पॉटिंजर आहे. पहिले बिशप थॉमस कार आहेत. १८३७ मध्ये हे चर्च कॅथीड्रल झालं ते त्यांच्या वेळी. मनोरा त्यानंतर लगेचच उभा राहिला. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये ज्या खुर्च्यांवर बसले त्या जपून ठेवल्या आहेत. पाहिल्या नाहीत तरी काही बिघडत नाही.

बाहेर आलात की दारातला कारंजा पाहा. पैसे सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचे, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवरही स्कॉटचाच, आणि हा गृहस्थ मुंबईत कधी आलाच नाही. या चर्चपासून मुंबईतली अंतरं मोजली जात. तसे मैलाचे दगड काळबादेवी, दादर अशा भागांत अजून आहेत. फुटपाथ चढता चढता काही निम्मे गाडले गेले होते, ते अलीकडे उकरून काढले.

जायचं कधी? आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी. रविवारी उपासना असते आणि तेव्हा फलक वाचत फिरणं बरं दिसत नाही. चप्पल काढावी लागत नाही, पण फोटोसाठी तिथल्या माणसाला विचारा. नाताळच्या दिवसांत रोषणाई सुंदर असते, वाचन मात्र होत नाही.

तिथून हॉर्निमन सर्कल ओलांडून टाउन हॉलच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या, पायऱ्या चढा. १८३३ च्या या टाउन हॉलमध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा चँट्रीने घडवलेला पुतळा आहे. खडकीच्या दिवशी पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट हाच, आणि त्याचं संगमावरचं घर त्याच दिवशी मराठ्यांनी जाळलं. दुपारी जेवून टॅक्सीने वाळकेश्वरला जा. देवळात पुढे बरेच फेरबदल झाले आहेत, पण रामा कामतीची आठवण काढायला मुंबईत दुसरी जागा नाही.

उरलं खांदेरी. थळच्या किनाऱ्यावरून होडीने जाता येतं, पण परवानगी आणि भरती-ओहोटीची चौकशी आधी करा. पावसाळ्यात तर विचारच नको. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. दिवाळीनंतर समुद्र निवलेला असतो. बूननेही नोव्हेंबरच निवडला होता. त्याला जे बेट घेता आलं नाही, त्याचं सरकारी नाव आता कान्होजी आंग्रे बेट आहे.