चारशे वर्षं थांबलेलं प्रेम

१५७८ च्या वसंतात जपानच्या एचिगो प्रांताचा मातब्बर सरदार उएसुगी केन्शिन वारला. त्याला पोटचं मूल नव्हतं, दत्तक मुलगे होते. त्यांतल्या दोघांमध्ये गादीसाठी यादवी पेटली. एक कागेकात्सु, केन्शिनच्या बहिणीचा मुलगा. दुसरा कागेतोरा, शत्रूच्या होजो घराण्यातून तहाच्या बोलीवर आलेला. वर्षभरात कागेतोरा हरला आणि १५७९ साली सामेगाओच्या किल्ल्यात त्यानं स्वतःचा जीव घेतला. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्यापुढे पूर्णविराम आहे. कुवाबारा मिझुना या तरुण लेखिकेनं १९९० साली नेमक्या तिथूनच कादंबरी सुरू केली.

त्या कादंबरीमालेचं नाव ‘होनोओ नो मिराज’, म्हणजे ज्वाळांचं मृगजळ. शुएइशा प्रकाशनाच्या कोबाल्ट बुन्को या मुलींसाठीच्या स्वस्त पुस्तकमालेत तिचा पहिला खंड आला आणि २००४ साली चाळिसावा. कल्पना अशी : युद्धात मेलेल्या सरदारांचे अतृप्त आत्मे आजच्या जपानात पुन्हा लढाया मांडतात. त्यांना आवरण्यासाठी केन्शिननं नेमलेले पाच जण चारशे वर्षं एका देहातून दुसऱ्या देहात जात राहतात. त्यांचा म्होरक्या कागेतोरा. आजच्या जन्मात तो मात्सुमोतो शहरातला ओगी ताकाया नावाचा शाळकरी पोरगा आहे, आणि त्याला मागचं काहीही आठवत नाही. सगळं आठवतं ते नाओए नोबुत्सुना या त्याच्या सहकाऱ्याला. यादवीत नाओए विरुद्ध बाजूला होता. ज्याच्या नाशाला हातभार लावला त्याच्याच हाताखाली चारशे वर्षं काढायची, त्याच्यावर जीव टाकायचा आणि आपण त्याच्यापुढे कायम दुय्यम राहणार हे सलतही राहायचं, असं त्याचं दुखणं. मागच्या जन्मात नाओएनं त्याचा मोठा अपराध केला आहे. क्षमा मागायची तर समोरच्याला अपराधच आठवत नाही. प्रेमकथेत इतकी अवघड जागा मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या ज्या कथा जपानमध्ये बायका बायकांसाठी लिहितात, त्यांना आज ‘बॉइज लव्ह’ म्हणतात. ‘मिराज’ त्या शिक्क्यानं विकली गेली नाही, पण वाचकांनी तिला त्याच घरातली मानलं. माझ्यापर्यंत ती पुण्यात जपानी शिकणाऱ्या भाचीमुळे आली. आधी तिनं गोष्ट सांगितली, ती आमच्या बोलीत : ‘‘मावशी, थो मेला नाही वो, थो परत आला.’’ मग चाहत्यांनी हौसेनं केलेले इंग्रजी अनुवाद मी मोबाइलवर वाचत गेले, आणि तिथून अशा इतर कादंबऱ्यांकडे वळले.

आमचं वडनेर भोलजी नांदुरा तालुक्यात, जुन्या सहा नंबरच्या महामार्गावर. एका अंगाला मलकापूर, दुसऱ्या अंगाला नांदुरा. इथल्या वाचकाला जपान आजवर भेटला तो ‘तोत्तोचान’च्या अनुवादातून, पुलंच्या ‘पूर्वरंग’मधून, शिरीष पै यांच्या हायकूंमधून. विदर्भात आणखी एक ओळख आहे : जपानात जन्मून नागपूरला आपलं गाव मानणारे भदंत सुरेई ससाई. पण या सगळ्यांच्या आधीचा धागा कापसाचा आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला तो तिथल्या कापसाच्या बाजारासाठी. १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीनं जमशेदजी टाटांच्या साथीनं मुंबई ते कोबे अशी जहाजं सुरू केली. त्या मार्गावर हक्क सांगणाऱ्या विलायती कंपन्यांची मक्तेदारी मोडायची आणि हिंदुस्थानी कापूस जपानच्या गिरण्यांना स्वस्तात न्यायचा, हा त्यामागचा हिशेब. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बाजारात जाई आणि मुंबईचा कापूस जपानला. जपानी गिरण्यांत सूत काढणारे हात बहुतेक खेड्यांतून आलेल्या मुलींचे होते. त्यांच्या नाती-पणत्यांच्या पिढीनं लिहिलेल्या गोष्टी आता आमच्याकडे येत आहेत.

या गोष्टींना लोक नवं फॅड समजतात, ते चूक आहे. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८७ साली, इहारा साइकाकू या लेखकानं पुरुषांच्या परस्परप्रेमाच्या चाळीस कथांचा ‘नान्शोकु ओकागामी’ हा संग्रह छापला. अर्ध्या कथा सामुराईंच्या, अर्ध्या काबुकी नटांच्या. हे पुस्तक चोरून विकलं गेलेलं नाही, ते त्या काळच्या नागर करमणुकीचा भाग होतं. मात्र त्या प्रेमाचे नियम ठरलेले होते. एक वयानं मोठा, एक कोवळा पोर. आजच्या नजरेला त्यातलं पुष्कळ खटकतं आणि खटकायलाच हवं.

मला त्याहून जवळची वाटते ती उएदा आकिनारीची एक कथा. आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्या १७७६ साली त्याचा ‘उगेत्सु मोनोगातारी’ हा भुताखेतांच्या कथांचा संग्रह छापला गेला. त्यात हासेबे सामोन नावाचा गरीब, अभ्यासू तरुण वाटेत आजारी पडलेल्या आकाना सोएमोन या योद्ध्याची सेवा करतो. दोघं एकमेकांना भाऊ मानतात. सोएमोन आपल्या मुलखात जाऊन येतो म्हणतो, आणि नवव्या महिन्याच्या नवमीला, शेवंतीच्या सणाला, परत यायचं वचन देतो. तिकडे त्याला कैद होते. दिवस उजाडतो, पण सुटका नाही. माणसाला दिवसात हजार कोस तोडता येत नाहीत, आत्म्याला येतात, हे त्यानं ऐकलेलं असतं. तो स्वतःला संपवतो आणि ठरल्या रात्री मित्राच्या दारात उभा राहतो. मूळ कथानक चिनी आहे, पण आकिनारीनं त्यात जे धगधगतं मैत्र ओतलं त्याला अभ्यासक आज सरळ प्रेम म्हणतात. आजच्या बॉइज लव्हमधल्या काळप्रवासाचं मूळ मला या कथेत दिसतं. विज्ञानकथेतल्या यंत्राची इथे गरज पडत नाही. दिलेला शब्द पाळायला या जगातले रस्ते पुरत नाहीत, म्हणून माणूस काळाच्या आणि मरणाच्या पलीकडून येतो.

मेजी राजवटीत वारं फिरलं. १८७३ साली जपाननं पुरुषांमधल्या शरीरसंबंधाला गुन्हा ठरवलं. नवी दंडसंहिता १८८२ मध्ये लागू झाली तेव्हा ते कलम गळलं. आपल्याकडे १८६२ पासून लागू झालेलं कलम ३७७ संमतीनं एकत्र येणाऱ्या प्रौढांच्या डोक्यावरून ६ सप्टेंबर २०१८ ला उतरलं. जपानमध्ये कायदा गेला तरी मोकळीक परतली नाही. साइकाकूच्या कथा जुन्या काळाची विकृती म्हणून बाजूला पडल्या. देशभर लागू होणारा समलिंगी विवाहाचा कायदा तिथे अजून नाही. भारतातही सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ ला तो हक्क द्यायला नकार दिला.

मिटलेली ही वाट साहित्यात बायकांनी उघडली. नामवंत लेखक मोरी ओगाई यांची मुलगी मोरी मारी हिनं १९६१ साली ‘प्रेमिकांचं अरण्य’ या अर्थाच्या नावाची दोन पुरुषांची प्रेमकथा लिहिली. तिला स्त्री-लेखिकांसाठीचा तामुरा तोशिको पुरस्कार मिळाला. पुढच्या दशकात १९४९ च्या आसपास जन्मलेल्या चित्रकथाकार मुली आल्या. हागिओ मोतोची ‘तोमाचं काळीज’ १९७४ ची. ताकेमिया केइकोची ‘वाऱ्याचं आणि झाडांचं गाणं’ १९७६ ची, आणि ती घडते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या एका वसतिगृहात. संपादक छापायला तयार नव्हते म्हणून ताकेमियानं ही कथा कित्येक वर्षं उराशी बाळगली होती. त्याच १९७६ साली होसोकावा चिएको यांची ‘राजघराण्याचं चिन्ह’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात आजची अमेरिकन मुलगी प्राचीन इजिप्तमध्ये जाऊन पडते आणि तरुण फेरोच्या प्रेमात सापडते. हा स्त्री-पुरुष प्रेमाचा काळप्रवास, पण जपानी मुलींच्या दोन पिढ्या तो वाचत वाढल्या. पुढच्या लेखिकांच्या हाती हे दोन्ही वारसे आले.

१९७८ मध्ये ‘जून’ हे नियतकालिक निघालं आणि या लेखनाला स्वतःचं घर मिळालं. त्यात नाकाजिमा आझुसा ही लेखिका ‘कादंबरीची तालीम’ चालवायची. वाचक मुली कथा पाठवत, ती त्यांची जाहीर चिरफाड करी आणि जमलेल्या कथा छापी. कित्येक व्यावसायिक लेखिका त्या तालमीत घडल्या. १९९० नंतर मोठ्या प्रकाशकांनी खास पुस्तकमाला काढल्या आणि ‘बॉइज लव्ह’ हे नाव रुळलं. अलीकडे, २०१६ मध्ये, याच प्रकारात काम करणाऱ्या चित्रकारांनी साइकाकूच्या सामुराई कथा चित्ररूपात आणल्या.

बायकांना दोन पुरुषांच्या प्रेमात एवढा रस का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जपानी समीक्षकांनी त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली आहेत. माझं उत्तर माझ्या वाचनातून आलेलं आहे. स्त्री-पुरुषाची प्रेमकथा वाचताना मी कायम हिशेबात असते. हिचं लग्न कुठे होईल, सासर कसं असेल, मूल होईल का, लोक काय म्हणतील. दोन पुरुषांच्या गोष्टीत हे सगळे हिशेब गळून पडतात आणि उरते ती नुसती ओढ, कुणाच्या घराण्याच्या कामी न येणारी. गोष्ट मागच्या शतकात गेली की आणखी एक फरक पडतो. आजच्या जगात ज्या नात्याला नाव नाही, त्याला तिथे शपथ असते, तलवार असते, स्वामिनिष्ठेची भाषा असते. कागेतोरासाठी नाओए जे करतो ते आज ऑफिसातल्या वरिष्ठासाठी कुणी करणार नाही. केलंच तर त्याला वेडा म्हणतील. इतिहास या प्रेमाला उभं राहायला जमीन देतो.

आणि इथेच मराठी वाचक आतला माणूस ठरतो. पुनर्जन्म आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. इतिहासाचं तर विचारू नका. १५९८ साली कागेकात्सुला एचिगो सोडून आइझूला जावं लागलं. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात, सिंदखेड राजाला, जिजाऊंचा जन्म झाला. दोन मुलूख, तोच काळ : किल्ले, जहागिरी, ओलीस ठेवलेले मुलगे, तहासाठी जुळवलेल्या सोयरिकी. ‘मिराज’मधली घराणी पाठ करायला मला वेळ लागला नाही. तिकडच्या वाचक मुली कादंबरीतल्या जागा शोधत उएसुगींच्या योनेझावाला जातात, देवळात हात जोडतात. आपल्यातले कितीतरी जण ‘स्वामी’ वाचून थेऊरला गेलेच आहेत.

मराठीत या गोष्टीचे तिन्ही पेड आहेत, वेणी तेवढी घातलेली नाही. पहिला पेड ऐतिहासिक प्रेमाचा. रणजित देसाईंनी १९६२ मध्ये ‘स्वामी’त माधवराव-रमाबाई आणि ना. सं. इनामदारांनी १९७२ मध्ये ‘राऊ’त बाजीराव-मस्तानी घराघरात पोचवले. दुसरा काळाच्या उलथापालथीचा. जयंत नारळीकरांच्या गंगाधरपंतांनी पानिपत जिंकलेला हिंदुस्थान पाहिला तो असाच एका अपघातानं. तिसरा पेड सर्वांत अवघड. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, दिलेली उत्तरं सरकारला अश्लील वाटली. वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, पण असा प्रश्न विचारणारा मराठी वाचक तेव्हाही होता, हे त्या कज्ज्यानं नोंदवून ठेवलं. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. २००५ मध्ये बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि २००६ मध्ये सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. एकाच भाडेकरू तरुणाच्या प्रेमात पडलेल्या भावाबहिणीची ती कादंबरी जेरी पिंटोंच्या अनुवादानं इंग्रजीत आणि पुढे पडद्यावर गेली. या सगळ्या कथा आजच्या आहेत, बहुतेक दुःखाच्या आहेत. घोड्यावर बसलेला, दौलतीच्या राजकारणात अडकलेला आणि दुसऱ्या पुरुषावर जीव जडलेला नायक मराठी ऐतिहासिक कादंबरीत मला भेटलेला नाही. खऱ्या ऐतिहासिक पुरुषाच्या आयुष्यात नसलेलं काही घुसवा, असं मी म्हणत नाही. बखरींच्या समासात हजारो बिननावाचे शिलेदार, कारकून, जासूद, शाहीर आहेत. कल्पनेला तेवढं रान पुरे आहे.

या साहित्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जुन्या कादंबऱ्यांत बळजबरीला प्रेमाची खूण म्हणून खपवलेलं आहे, आणि ‘मिराज’ही त्यातून पूर्ण सुटत नाही. ते वाचताना मला राग येतो. १९९२ मध्ये सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्यानं स्त्रीवाद्यांच्या एका छोट्या नियतकालिकात जळजळीत लेख लिहिला. या बायका आमच्या आयुष्यावर स्वतःची करमणूक करून घेतात आणि खऱ्या समलिंगी माणसाशी त्यांना देणंघेणं नाही, असा त्याचा आरोप होता. त्यावर काही वर्षं वाद चालला. सातोचा आरोप मला अर्धा पटतो. ताकाया आणि नाओए यांच्यासाठी रात्र जागवणाऱ्या वाचकानं शेजारच्या घरातल्या, लग्नासाठी रेटल्या जाणाऱ्या मुलाबद्दल गप्प बसायचं, हे चालणार नाही. पण या वाचनानं माणसं बधिर होतात हे मला अमान्य आहे. चाळीस खंड एका पुरुषाच्या दुसऱ्यावरच्या प्रेमाच्या बाजूनं उभं राहिल्यावर त्या प्रेमाची टिंगल ऐकवत नाही. माझं तसं झालं आहे.

म्हणून एक मागणं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि तिथून दरवर्षी भाषा पक्की झालेले तरुण बाहेर पडतात. त्यांतले बहुतेक कंपन्यांची कागदपत्रं भाषांतरित करतात. त्यांच्यापैकी कुणीतरी आकिनारीची शेवंतीच्या वचनाची कथा थेट जपानीतून मराठीत आणावी. ती लहान आहे, तिचे हक्क खुले आहेत, पुढच्या वर्षीच्या एखाद्या दिवाळी अंकात सहज मावेल. मग एखाद्या प्रकाशकानं धीर करून ‘मिराज’च्या पहिल्या खंडाचे हक्क मागावेत. नांदुऱ्याच्या पुस्तकांच्या दुकानात तो आला, तर पहिली प्रत मी घेईन.