अवधानाची उणीव आणि व्यवस्थेचा आधार

दौंड हें भीमेच्या कांठचें रेल्वे जंक्शन. १८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग येथें येऊन मिळाला, आणि तेव्हांपासून या स्थानकास विश्रांति ठाऊक नाहीं. रेल्वेच्या कारभारांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. तेथें कोणाच्याहि स्मरणशक्तीवर विसंबून गाडी सोडीत नाहींत. एकेरी मार्गावर पूर्वीच्या पद्धतींत टोकनाचा गोळा हातीं पडल्यावांचून चालक गाडी पुढें नेत नसे. आजहि सिग्नल दिसतांच चालक व त्याचा सहाय्यक त्याची खूण एकमेकांस मोठ्यानें बोलून दाखवितात. हीं माणसें अनुभवी व जाणतीं असतात; तरीहि खुणेचा आणि उच्चाराचा आधार घेण्यांत त्यांस कमीपणा वाटत नाहीं.

आतां याच स्थानकावरून रोज पुण्यास नोकरीला जाणारा चाळिशीचा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. बुद्धीनें तो कोणाहून उणा नाहीं. परंतु पास घरीं राहतो, किल्ली सांपडत नाहीं, विजेचें बिल खिशांत असतांनाच मुदत टळून जाते. कचेरींत तीन कामें आरंभिलेलीं असतात व एकहि पुरें झालेलें नसतें. "अहो, काल तीनदां सांगितलें होतें," असें पत्नी म्हणते, तेव्हां त्याच्यापाशीं उत्तर नसतें. तो मनापासून ओशाळतो, उद्यांपासून नीट वागण्याचा निश्चय करतो, आणि आठ दिवसांत सारें पूर्ववत् होतें. लहानपणीं त्यास धांदरट म्हणत, आतां बेजबाबदार म्हणतात. हळूहळू तोहि स्वतःस तसेंच समजूं लागतो. या अवस्थेंतील खरें नुकसान हेंच होय. हरवलेली किल्ली दुसरी करतां येते, उडालेला विश्वास तसा करतां येत नाहीं.

मन चंचल आहे ही तक्रार गीतेंत अर्जुनानेंहि केली आहे. मग यांत नवें तें काय, असें कोणी विचारील. भेद प्रमाणाचा व सातत्याचा आहे. कांहीं माणसांत हें चांचल्य बालपणापासून, घरीं व बाहेर सारखेंच, आणि संसार व नोकरी विसकटण्याइतकें असतें. स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनीं १७९८ सालीं अशा अवस्थेचें वर्णन केलें. १९०२ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं अशा मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं. १९८७ सालीं अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ग्रंथांत तिला आजचें नांव मिळालें : अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी. मूल मोठें झालें कीं हा दोष आपोआप जातो, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. ती खरी नव्हे. अनेकांत अंगाची धांवपळ थांबते, मनाची थांबत नाहीं. मुलींची गोष्ट आणखी निराळी. वर्गांत दंगा न करितां नुसत्या खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. पुढें दूध उतूं गेलें म्हणजे बोल मात्र तिलाच लागतो. ही प्रवृत्ति बऱ्याच अंशीं आनुवंशिक असते, म्हणून कित्येकदां मुलाची तपासणी होतांना बापास स्वतःचें कोडें उलगडतें.

मात्र प्रत्येक विसराळू मनुष्यास हा विकार असतो असें नाहीं. अपुरी झोंप, चिंता, खिन्नता, थायरॉईडचा दोष यांनींहि लक्ष विचलित होतें. म्हणून एकदां तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. या विकारावर गुणकारी औषधें आहेत. तीं घ्यावीं कीं न घ्यावीं हें वैद्याशीं बोलून ठरवावें, आणि चालूं असलेलें औषध परस्पर बंद करूं नये. येथें विचार आहे तो ज्यांना औषध मानवत नाहीं, मिळत नाहीं किंवा नको आहे त्यांच्या दैनंदिन वर्तनाचा. औषध घेणाऱ्यांसहि या संवयी उपयोगीच पडतात.

मुख्य तत्त्व एकच आहे. या माणसास काय करावें हें ठाऊक असतें. नेमक्या वेळीं तें आठवत नाहीं, किंवा आठवूनहि हात उचलत नाहीं. म्हणून उपदेशानें ज्ञान वाढवून लाभ नाहीं. आधार डोक्याबाहेर, आणि जेथें काम घडावयाचें तेथेंच ठेविला पाहिजे.

पहिला आधार जागेचा व लेखनाचा. दाराशीं एक खुंटी असावी. किल्ली, पास व चष्म्याची पिशवी तेथेंच, अन्यत्र कोठेंहि नाहीं. शिरूरच्या बाजारपेठेंतील जुना व्यापारी उधारी डोक्यांत ठेवीत नसे. गिऱ्हाईक समोर असतांनाच रोजकीर्दींत लिही. तशी एकच वही खिशांत असावी. पांच वह्या म्हणजे पांच विस्मरणें. सांगितलेलें काम ऐकतांक्षणीं लिहावें, आणि रोज सकाळीं त्यांतील तीनच कामें निवडावीं.

दुसरा आधार काळाचा. अशा माणसास 'आतां' आणि 'आतां नाहीं' असे दोनच काळ दिसतात. म्हणून कांट्यांचें मोठें घड्याळ नजरेसमोर असावें, आणि हिशेब उलटा करावा : गाडी सुटण्यापूर्वीं दहा मिनिटें फलाटावर, त्यापूर्वीं वीस मिनिटें वाटेंत, त्यापूर्वीं पांच मिनिटें जोडे व डबा. गजर गाडीच्या वेळेचा नसावा, उठून निघण्याच्या वेळेचा असावा.

तिसरा आधार आरंभाचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्वित्झर यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, 'मी हें करीन' या मोघम निश्चयापेक्षां 'जेव्हां अमुक होईल, तेव्हां मी तमुक करीन' हा निश्चय पुष्कळ अधिक फळास येतो. चहाचा पेला खालीं ठेविला कीं वही उघडावयाची, एवढेंच ठरवावें. मोठ्या तक्त्याची पहिली ओळ लिहिणें हेंच त्या घटकेचें काम मानावें.

चौथा आधार सोबतीचा. शेतकरी एकमेकांच्या शेतांत सावडीनें काम करतात. एकट्यानें रेंगाळणारी खुरपणी चार जणांत उरकते. तसेंच नावडतें काम शेजारीं कोणी आपलें काम करीत बसला असतां सहज होतें. त्यानें मदत करण्याचीहि गरज नसते.

पांचवा आधार शरीराचा. रोजचें चालणें, ठरलेल्या वेळीं निजणें, आणि रात्रीं मोबाईल निजण्याच्या खोलीबाहेर ठेवणें, यांनीं विकार जात नाहीं. पण दुसऱ्या दिवसाचें ओझें हलकें होतें. कामाची निवडहि महत्त्वाची आहे. शिरूर तालुक्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढला; तेथें शाळा सुटलेलीं मुलें प्रत्यक्ष हातांनीं काम करून शिकतात. ती संस्था कांहीं या विकारासाठीं नाहीं. परंतु एकाच्या बैठ्या आळसाचें दुसऱ्या कामांत उत्साहांत रूपांतर होऊं शकतें, ही गोष्ट तिच्या रीतीवरून पटण्यासारखी आहे.

घरच्यांनीं एवढें करावें : तेंच तें दहादां सांगण्यापेक्षां वहींत लिहावयास लावावें, आणि चुकीचा पाढा चारचौघांत वाचूं नये. त्या गृहस्थानेंहि विकाराचें नांव ढालीसारखें पुढें करूं नये. कारण समजलें म्हणजे जबाबदारी संपली असें नव्हे. ती पार पाडण्याची रीत तेवढी बदलते.

शेवटीं एक इशारा. नवी वही व नवा गजर यांचें नावीन्य थोड्याच आठवड्यांत ओसरतें, आणि व्यवस्था ढासळते. तें अपयश मानूं नये. आठवडे बाजाराच्या दिवशीं पिशवीबरोबर वहीहि काढावी, मोडलें असेल तें पुन्हां बसवावें. मन फारच खचलें, व्यसन जडलें किंवा जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येऊं लागले, तर थांबूं नये. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक २०२२ सालापासून चालूं आहे. त्यावर विनामूल्य सल्ला मिळतो.

टोकनाचा गोळा हातीं घेणाऱ्या चालकास कोणी विसराळू म्हटलें नाहीं. दाराशींच्या खुंटीवर किल्ली अडकविणाऱ्या माणसासहि तसें म्हणण्याचें कारण नाहीं.