ताऱ्याचे तापमान अंगणातून वाचूया

साखऱ्यात (जि. हिंगोली) अभ्यासिकेतल्या मुलांना आम्ही व्याधाचा तारा दाखवला. एका मुलीने विचारले, "तिथे कोणी गेलेच नाही, मग तो किती तापलाय हे कसं कळलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर वर्णपटात आहे आणि ते आपल्याला स्वतः पडताळता येते.

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे मिलिमीटरला 100 रेषा असलेली ग्रेटिंग लावली की ताऱ्याच्या ठिपक्याशेजारी रंगांची पट्टी उमटते. फोटो 'रॉ' स्वरूपात घ्यावा आणि तो जास्त उजळू देऊ नये. मग संगणकावर पट्टी आडवी सरळ करायची, वरखालच्या आकाशाचा उजेड वजा करायचा आणि प्रत्येक उभ्या ओळीतला प्रकाश बेरजेने मांडायचा. आलेख तयार होतो. त्यातले खड्डे म्हणजे ताऱ्याच्या वातावरणातील मूलद्रव्यांनी शोषलेला प्रकाश.

आता मोजमाप. समजा ठिपका 200व्या पिक्सेलवर आणि हायड्रोजनची 486.1 नॅनोमीटरची रेषा 1172व्या पिक्सेलवर आली. अंतर 972, म्हणजे एका पिक्सेलला सुमारे अर्धा नॅनोमीटर. मग 434 नॅनोमीटरची रेषा 1068च्या आसपास सापडलीच पाहिजे. नाही सापडली, तर आपले गणित चुकले.

व्याध सुमारे 10,000 केल्विन तापलेला, म्हणून त्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक. मृगातील काक्षी सुमारे 3,500 केल्विन, तिथे टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे दिसतात. म्हणजे काक्षीत हायड्रोजन नाही का? आहे, भरपूर आहे. रेषा किती ठळक, हे मुख्यतः तापमान ठरवते.

तापमान आणि रेषा यांचे हे नाते समीकरणात मांडले मेघनाद साहा यांनी, 1920 साली. ढाक्याजवळच्या खेड्यातील गरीब दुकानदाराचा हा मुलगा. कोलकात्याच्या वसतिगृहात सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत जेवायला हरकत घेतली होती. पुढे 1925 मध्ये सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे तारे प्रामुख्याने हायड्रोजनचे असल्याचे दाखवले.

महाराष्ट्रातही ही परंपरा जुनी आहे. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणात पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वर्णपटाची निरीक्षणे घेतली.

मित्रांनो, ज्या ताऱ्यांच्या नावाने आपल्या घरांत अजूनही मुहूर्त काढले जातात, त्यांचा प्रकाश आपण स्वतः मोजू शकतो. एकच फोटो चौघांना द्या, प्रत्येकाने स्वतंत्र आकडे काढा आणि मग ताडून पाहा. आकडे जुळले नाहीत तर मोठ्याचे ऐकू नका, पुन्हा मोजा.