प्रणाली प्रशासन

प्रणाली प्रशासन म्हणजे एखाद्या संस्थेतील संगणक, सर्व्हर, संगणक-जाळे आणि त्यांवरील आज्ञावली चालू, सुरक्षित व वापरण्यायोग्य स्थितीत राखण्याचे काम होय. हे काम करणाऱ्या व्यक्तीस प्रणाली प्रशासक म्हणतात. व्यवहारात 'सिस्टीम ॲडमिन' हा शब्द रूढ आहे. आज्ञावली लिहिणे हे प्रोग्रामरचे काम असते, तर ती रोज विनाखंड चालेल अशी व्यवस्था ठेवणे हे प्रणाली प्रशासकाचे.

स्वरूप

सांगलीजवळील माधवनगर येथील एखादा खातेदार आपला सातबारा उतारा महाभूमी संकेतस्थळावरून घेतो, तेव्हा त्याला केवळ उतारा दिसतो. त्यामागे सर्व्हर, माहितीसाठा आणि जाळे यांची साखळी असते. तिचा एक दुवा तुटला, तरी उतारा मिळत नाही. ही साखळी अखंड राखण्यासाठी प्रशासकास पुढील कामे करावी लागतात :

* खाती व अधिकार : प्रत्येक वापरकर्त्यास त्याच्या कामापुरतेच अधिकार देणे आणि नोकरी सोडलेल्या व्यक्तीचे खाते तत्काळ बंद करणे.
* अद्ययावतीकरण : आज्ञावलीतील ज्ञात त्रुटी दूर करणाऱ्या सुधारणा वेळेवर बसविणे.
* बॅकअप : माहितीच्या प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवणे व त्यांतून माहिती परत मिळते याची वेळोवेळी चाचणी घेणे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. अशा वेळी मूळ संगणक आणि बॅकअप एकाच इमारतीत असल्यास दोन्ही एकदमच नष्ट होऊ शकतात.
* देखरेख : यंत्रणेतील नोंदी, म्हणजेच लॉग, तपासून अनपेक्षित हालचाल ओळखणे.

महत्त्व

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम स्विचला समांतर असा बनावट स्विच उभा केला. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न पोहोचता त्या बनावट स्विचवरच मंजूर होत गेल्या. एटीएममधून काढलेली आणि स्विफ्ट व्यवस्थेद्वारे हाँगकाँगला वळविलेली रक्कम मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एखादी यंत्रणा चालू असणे आणि ती विश्वासार्ह असणे यांतील फरक या घटनेतून स्पष्ट होतो. प्रणाली प्रशासनात या दोन्हींची जबाबदारी येते.

हे काम नीट चालले असता सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्याची दखल घेण्यासाठी इ.स. २००० पासून जुलै महिन्याचा शेवटचा शुक्रवार प्रणाली प्रशासक कृतज्ञता दिन म्हणून पाळला जातो.

संज्ञाभेद

मराठी विकिपीडियावरील 'प्रचालक' हे प्रणाली प्रशासक नव्हेत. प्रचालक लेख सुरक्षित करणे, वगळणे किंवा उत्पात करणाऱ्या सदस्यांना प्रतिबंधित करणे अशी संपादकीय व्यवस्था पाहतात. सर्व्हरची देखभाल विकिमीडिया फाउंडेशनची तांत्रिक यंत्रणा करते.